अट आणि आकृती : आपल्या अद्भुतकथेविषयी थोडेसे

खडकीत राहणाऱ्याला १८१७ हे साल निराळे सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि इंग्रजांच्या पलटणी यांची गाठ आपल्या या परिसरात पडली आणि पुढच्या काही महिन्यांत पेशवाई संपली. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांत एक हवालदार होता. त्याचे घराणे मूळचे कालिकतचे, लिंगायत. पुढे ते गोव्याच्या बाजूला गेले आणि तेथे हा माणूस ख्रिस्ती झाला. त्याच्या नातीचे नाव अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. लढाईच्या इतिहासात या बाईला अर्थातच जागा नाही. लोककथेच्या अभ्यासात मात्र ती आहे, आणि चांगली मानाची आहे.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची मुलगी मेरी बरोबर होती. तळावर तिच्या सोबतीला बाईमाणूस असे एकच, तिची आया अ‍ॅना. लांबच्या वाटा आणि रिकामे दिवस. मेरीने गोष्टी सांगायला लावल्या आणि अ‍ॅनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या. १८६८ साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक निघाले, ‘ओल्ड डेक्कन डेज’. भारतीय माणसाच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलेल्या गोष्टींचा इंग्रजीतला हा पहिला संग्रह समजला जातो. त्याचा एक विशेष असा की, गोष्टी सुरू होण्यापूर्वी अ‍ॅनाची स्वतःची हकिगत तिच्याच शब्दांत दिली आहे. सांगणाऱ्या बाईला पुस्तकात नाव आणि आवाज मिळावा, ही त्या काळी फारच दुर्मिळ गोष्ट होती. आजोबांच्या लढाईचा उल्लेख येतो तो या हकिगतीत.

हे सगळे आरंभीच सांगण्याचे कारण आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्या वाङ्मय मंडळात वाचल्या गेलेल्या कथांपैकी निम्म्याहून अधिक अद्भुतकथा होत्या. माझ्या पिढीने हॅरी पॉटर शाळेत वाचला, जपानी चित्रकथा मोबाइलवर पाहिल्या. तेव्हा हे स्वाभाविकच आहे. पण त्या कथांत बर्फाळ डोंगरावरचे किल्ले होते, आग ओकणारे अजस्र सरपटणारे प्राणी होते, टोकदार कानांचे वनवासी होते. चर्चेत दरवेळी कोणीतरी म्हणे, “अरे, आपल्याकडे एवढी पुराणे, एवढ्या लोककथा आहेत, त्यांतून का घेत नाही?” मग पुढच्या बैठकीला तीच कथा थोडी बदलून येई. अजस्र प्राण्याच्या जागी तक्षक, जादूगाराच्या जागी ऋषी, तलवारीच्या जागी खड्ग. नावे देशी झाली तरी कथा परकीच राहिली. असे का होते, आणि आपल्या परंपरेतून अद्भुतकथा लिहायची तर नेमके काय उचलायचे, या प्रश्नाचा विचार मी या लेखात करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : लोककथेकडून आकृती घेऊन भागत नाही, तिची अट घ्यावी लागते.

अट म्हणजे काय, ते अ‍ॅनाच्याच गोष्टीवरून पाहू. तिची ‘पंचकिन’ नावाची गोष्ट आहे. पंचकिन हा जादूगार. त्याने सहा राजपुत्रांना आणि बाळना नावाच्या राजकन्येच्या नवऱ्याला दगड करून टाकले आहे, आणि बाळनेला कैदेत ठेवले आहे. बारा वर्षे ती त्याच्याशी लग्नाला नकार देते. तिचा मुलगा मोठा होऊन तिला शोधत येतो. तेव्हा ती पंचकिनला गोड बोलून विचारते, तुमचा जीव आहे तरी कोठे? तो सांगतो. दूर अरण्यात ताडांचे रिंगण, त्याच्या मधोमध एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरी, त्यांच्याखाली पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा पोपट. मुलगा तो पोपट मिळवतो, सगळ्या दगड झालेल्यांना परत माणसे करून घेतो आणि मग पोपटाचे पंख उपटतो, तसे जादूगाराचे हात गळून पडतात. फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथात देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाची चर्चा आरंभिली आहे ती याच गोष्टीने.

आता या गोष्टीत पंचकिन दिसतो कसा? हे आपल्याला फारसे कळत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. त्याला शिंगे आहेत की दाढी आहे, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. कळते ते एवढेच की, याचा जीव याच्यापाशी नाही. ही झाली अट. आणि खरी खुबी पुढे आहे. ही अट दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. तो ती स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण ही बाई आता आपल्याला वश झाली असे त्याला वाटते. बारा वर्षे कैदेत ठेवून जे मिळाले नाही ते मिळाल्याच्या भ्रमात तो मरतो. गोष्ट आजीने सांगितलेली आहे, तेव्हा पुरुषाचा जीव नेमका कोठे अडकलेला असतो याबद्दल तिला काही सांगायचे असावे, असे मानायला हरकत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने अद्भुताला रसांमध्ये स्थान दिले आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला. पण विस्मय टिकतो केव्हा? ज्या जगात काहीही घडू शकते, तेथे कशाचेच नवल वाटत नाही. अटीमुळे नवलाला काठ मिळतो. मंत्र म्हटला आणि नायक सुटला, अशा कथा आपण मंडळात पुष्कळ ऐकल्या. त्यांत वाचकाचे काहीच पणाला लागत नाही.

अट आणि कथा यांची सांगड घालण्याची विद्या तर महाराष्ट्राच्या मातीतलीच म्हणावी लागेल. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागर’ रचला, पण तो ज्या बृहत्कथेवरून रचला तिचा कर्ता गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला, म्हणजे आपल्या पैठणचा, अशी परंपरा आहे. त्याची कथा मोठी रंगतदार आहे. जलक्रीडेत राणी राजाला म्हणाली, “मोदकैः”, म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. राजाला संधी कळला नाही. त्याने लाडू मागवले. राणी हसली, राजा खजील झाला आणि संस्कृत शिकायचा हट्ट धरून बसला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. गुणाढ्याने पैज लावली की, असे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन. तो हरला. तीन भाषा गेल्यावर उरली ती पिशाचांची, पैशाची. तीत त्याने सात लाख श्लोकांची कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने. राजाने ती झिडकारली, तेव्हा तो रानात एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. पशुपक्षी चारा सोडून भोवती रडत ऐकत बसले. त्यामुळे ते वाळले, त्यामुळे राजवाड्यात शुष्क मांस येऊ लागले, त्यामुळे राजा आजारी पडला, आणि कारण शोधता शोधता तो रानात पोहोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. (व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या माझ्या मित्रांनी लक्षात घ्यावे की, ही सारी उलथापालथ एका संधीपासून झाली.) येथे चमत्कार किती थोडे आहेत पाहा. जनावरे कथा ऐकतात, हा एकच चमत्कार. बाकी सगळे त्या एका गोष्टीचे हिशेबशीर परिणाम आहेत. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारे.

याच ग्रंथातला वेताळ तर अटीचा राजाच. गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पुन्हा पैठणचाच, राजा त्रिविक्रमसेन शिंशपा वृक्षावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. बोललास तर मी पुन्हा झाडावर. पुढे शतकानुशतके हे आपल्या मुलांना सांगितले गेले. १८३० च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, म्हणजे छापील मराठी गद्य रांगत होते तेव्हाच ती आली. या अटीत राजाचे शहाणपण हाच त्याचा अडथळा आहे. जितका शहाणा, तितक्या खेपा. शेवटच्या कोड्याचे उत्तर त्याला सुचत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि सुटतो. असे यंत्र कोणी एका बैठकीत कल्पनेने उभारील असे मला वाटत नाही. ते अनेक तोंडांतून घासून गुळगुळीत झालेले आहे. नवशिक्या लेखकाला परंपरेचा फायदा होतो तो येथे.

परंतु वेताळ पोथीतच राहिला नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीला तो वेतोबा आहे, गावाचा राखणदार. भक्त त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाच्या हद्दीतून फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. पोथीतला वेताळ प्रेतात लोंबकळतो. आरवलीचा वहाणा झिजवत पहारा करतो. लेखकाने या दोहोंची सरमिसळ करून ‘भयानक वेताळ’ उभा केला, तर दोन्हींचा जीव जाईल. झिजलेली वहाण ही मला हजार विशेषणांपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यात देव आणि गाव यांच्यातला व्यवहार आहे. त्याने चालायचे, यांनी वहाणा पुरवायच्या.

हा व्यवहार शोधायचा तर साधने आहेत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा अनंत कान्हेरे यांनी डिसेंबर १९०९ मध्ये वध केला, त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून लोकसमजुती जमवल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी त्यांची मांडणी केली आणि १९१५ साली कोकणचा भाग प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या भुतांची यादीच आहे. पुढे दुर्गा भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संग्रह, रा. चिं. ढेरे यांचे दैवतांवरील ग्रंथ. ही पुस्तके कथालेखकाने वाचायची असतात असे कोणी आपल्याला सांगत नाही. ती परीक्षेच्या टिपांपुरती उघडली जातात.

या भुतांच्या याद्या वाचताना एक गोष्ट मनात भरते, आणि सगळ्या लेखात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली भुते कशाने ओळखली जातात? मरणाच्या प्रकाराने. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंज आणि लग्न यांच्या आधी गेलेला मुलगा. हडळ, अळवंतीण, जखीण या स्त्रिया. कोणी गर्भारपणात गेलेली, कोणी बाळंतपणात, कोणी नवऱ्याच्या आधी किंवा मागे. गावागावांनुसार अर्थ थोडे बदलतात. चकवा वाट चुकवतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो. समंधाचा जीव ठेव्यावर किंवा वतनावर अडकलेला. म्हणजे ही प्राण्यांच्या जातींसारखी यादी नव्हे, ती गावातल्या अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे. त्यात जात आहे, धर्म आहे, बाईचे मरण आहे.

आता हडळीचे आपण काय केले ते पाहा. उलटी पावले, मोकळे केस, हिरवी साडी, बाभळीखाली उभी. एवढे घेतले की भयकथा तयार! पण ती बाळंतपणात गेलेली बाई आहे, हे कथेत कोठे येतच नाही. वैद्य नाही, दवाखाना नाही, सुईण पोहोचली नाही किंवा पोहोचूनही उपयोग झाला नाही, अशा अगणित मरणांचे ते रूप आहे. मेल्यावर जिची भीती बाळगली गेली, तिची जिवंतपणी कितपत विचारपूस झाली, हा प्रश्न त्या उलट्या पावलांत आहे. आकृती घेऊन अट टाकणारा लेखक नकळत त्या बाईला दुसऱ्यांदा मारतो. कथा वाईट होते ती होतेच. वर अन्यायही होतो. मी हे जरा कडक लिहीत आहे याची मला कल्पना आहे, पण मंडळात हडळीवर हशा पिकतो तेव्हा मला हसू येत नाही.

याउलट ‘मुंज्या’ हा आदित्य सरपोतदार यांचा हिंदी चित्रपट, जून २०२४ मधला. त्यात विनोद आहे, धावपळ आहे, संगणकाने केलेले भूतही आहे. तरी कोकणातल्या त्या पोराची मूळ मागणी, लग्न, चित्रपटाने सोडलेली नाही आणि सगळे कथानक त्या मागणीभोवती फिरते. म्हणून तो मुंजाच राहतो.

पूर्वेकडच्या देशांनी हे काम आपल्या आधी आणि अधिक नेटाने केले. चीनमध्ये पू सोंगलिंग (१६४०–१७१५) हा वरच्या परीक्षांत आयुष्यभर नापास होत राहिलेला शिक्षक सुमारे पाचशे नवलकथा लिहून गेला. कोल्ह्याची बाई होणे, भुताने न्यायाधीशाकडे अर्ज करणे, हे त्याच्याकडे रोजच्या कचेरीइतके सहज घडते. जपानमध्ये लाफकादिओ हर्न याने आपल्या जपानी पत्नीच्या, सेत्सूच्या, तोंडून कथा ऐकून १९०४ साली ‘क्वाइदान’ प्रसिद्ध केले. अ‍ॅना आणि मेरी यांचीच जोडी थोड्या वेगळ्या रूपात! जपानी नद्यांतला काप्पा तर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना चित्रकथांमुळे ओळखीचा आहे. मुलाएवढा, हिरवट, पाण्यात ओढणारा. त्याच्या डोक्यावर खोलगट वाटी असते, तीत पाणी असते, आणि त्या पाण्यातच त्याची शक्ती. पण तो शिष्टाचाराला फार पक्का. तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो, पाणी सांडते आणि तो दुबळा होतो. जिथे वाकून नमस्कार करणे हेच समाजाचे वळण, त्या देशाने आपल्या जलपिशाचाची मर्मजागा नमस्कारात ठेवली. काप्पा उचलून मुळा नदीत आणून सोडला तर ही अट येथे फुकट जाईल. आपल्याकडे नमस्काराला कोणी बळी पडल्याचे ऐकिवात नाही.

मग परके काही घ्यायचेच नाही काय? तसे मला म्हणायचे नाही. उलट ‘तुंबाड’चे उदाहरण घेण्यासारखे आहे. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारे, पार्श्वभूमी कोकणातली, पावसाळी, आणि मध्यभागी हस्तर नावाचा देव. समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा, सोन्याचा आणि अन्नाचा हावरा. सोने मिळाले, अन्न मात्र मिळाले नाही, आणि कोणी त्याची पूजा करायची नाही. चित्रपट पाहून आलेल्या कित्येकांनी मला विचारले, हा देव कोणत्या पुराणात आहे?

तो कोणत्याच पुराणात नाही. त्याच्या नावाचा प्रवास मला दिसतो तो असा. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याच्या १८९० च्या दशकातल्या एका कथेत हस्तुर हा मेंढपाळांचा शांत देव आहे. १८९५ साली चेंबर्सने ते नाव आपल्या पुस्तकात घेतले, पुढे लव्हक्राफ्ट आणि त्याच्या मंडळींनी त्याला भीषण केले. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या १९८४ मधील कथेत म्हातारी आजी त्या नावाला हाक मारते. आपले नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘आजी’ त्या कथेवरून सुचलेली, आणि चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागामागे धारपांची ‘आजी’. म्हणजे अमेरिकेतल्या कल्पित मेंढपाळांचा देव सव्वाशे वर्षांत कोकणातल्या वाड्यात येऊन बसला, आणि प्रेक्षकांना तो आपल्या आजीच्या गोष्टीतला वाटला.

का वाटला? माझ्या मते, कारण त्याला येथल्या अटी मिळाल्या. त्याला भुलवायला कणकेची बाहुली लागते. पिठाचे रिंगण आखावे लागते. त्याच्या कमरेच्या लंगोटीतून मोहरा काढायच्या, तो बाहुली खाईपर्यंतच वेळ. कणीक, रिंगण, लंगोटी, उपाशी देव. हे सगळे आपल्या घरातले आहे. शिवाय हाव ही एका पिढीकडून दुसरीकडे वतनासारखी जाते, बाप मुलाला विहिरीत उतरायला शिकवतो, हेही वतनदारीच्या कोकणात शोभते. नाव परके असून अट देशी असल्याने हस्तर आपला झाला. आणि तक्षकाचे नाव घेऊनही आमच्या मंडळातले प्राणी परके राहिले.

जाता जाता एक गोष्ट खटकते ती लिहितो. मेंढपाळांचा परका देव फिरत फिरत येथवर आला. पण आपल्या धनगरांचे बिरोबा आणि म्हस्कोबा यांच्याभोवती केवढे अद्भुत साहित्य ओव्यांच्या रूपाने उभे आहे! गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने (१९३४–१९९२) वर्षानुवर्षे धनगरांबरोबर राहून ते जमवले. आमच्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे?

अर्थात येथे सावध राहावे लागते. बिरोबा, वेतोबा, म्हसोबा ही कोणाची तरी रोजची दैवते आहेत. २०२२ मध्ये कन्नड ‘कांतारा’ने तुळुनाडूतली दैवपरंपरा पडद्यावर आणली, आणि नंतर हौशी लोक दैवाचा वेश करून मिरवू लागले तेव्हा तेथल्या भक्तांना ते रुचले नाही. हस्तरसारखा देव नवा घडवला तर हा पेच येत नाही. जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’ (१९७५) मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत तर नकाशावर नसलेला प्रदेशच घडवला. तो मार्ग सर्वांत अवघड, आणि त्याची नक्कल करणाऱ्यांचे काय होते तेही आपण पाहतो. माझ्या मते ज्याची पूजा चालू आहे त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. त्याच्याशी व्यवहार करणारी माणसे लिहावीत. वहाणा शिवणारा लिहावा. वेतोबाला बोलायला लावू नये.

आता हे सारे प्रत्यक्ष कसे वापरायचे, याचा एक नमुना देतो. कथा मी अजून लिहीत आहे. येथे फक्त तिची मांडणी.

होळकर पुलाखालून मुळा वाहते. नदी आणि विहिरी यांच्या काठी साती आसरा असतात, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे; सात बहिणी, पाण्यातल्या, शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपात. अप्सरा या शब्दाचाच हा अपभ्रंश. त्यांना हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या, नारळ द्यायचा. दिला नाही तर त्या धरतात, विशेषतः बाया-मुलांना. आकृती घेणारा लेखक लगेच सात सुंदर जलकन्या लिहील. मी अटीकडे पाहिले. अट काय आहे? काठावर येणारीने काही द्यायचे, आणि पाण्याने तिला परत जाऊ द्यायचे. हा करार पाणी स्वच्छ असताना झाला. आता पाणी काळे आहे, जलपर्णीने झाकलेले आहे आणि काठावर पाण्यासाठी कोणी येतच नाही. मग करार मोडला कोणी? आसरांनी की काठाने?

येथून पात्रे आपोआप आली. खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे आणि छावणीमुळे कोकणी, तमिळ, तेलुगू, कानडी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. तमिळ मुलुखातही पाण्याकाठी सात कन्यकांची पूजा होते. तेथे त्यांना सप्तकन्नी म्हणतात. म्हणून माझ्या कथेत एकाच चाळीत दोन म्हाताऱ्या आहेत, एक मराठी, एक तमिळ. दोघी त्याच सात दगडांना वेगवेगळ्या नावांनी हळद लावतात आणि दगड कोणाच्या भाषेत ऐकतात यावरून चाळीस वर्षे भांडतात. पुराचे पाणी चाळीत शिरते त्या रात्री सातांपैकी सहाच दगड जाग्यावर आढळतात. सातवी कोठे गेली, हे दोघींना कळते, पण दोघींच्या परंपरांत उपाय निराळा आहे. एकीच्या मते तिला काहीतरी द्यायला हवे. दुसरीच्या मते तिचे काहीतरी आपल्याकडे राहिले आहे, ते परत करायला हवे.

आसरा स्वतः कथेत एकदाही दिसत नाहीत. दिसतात त्या ओल्या पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवर बांगडीचा हिरवा तुकडा. तो तुकडा पाण्याने दिला की पाण्याने मागितला, हे ठरवण्यापर्यंत मी आलो आहे. आमच्या घरी विचारले तेव्हा आजी म्हणाली, फुटकी बांगडी कधी देत नाहीत, वाढवतात. ‘वाढवणे’ हा शब्द तिने अगदी सहज वापरला. चाळीतल्या म्हातारीलाही तोच वापरावा लागेल, आणि तमिळ म्हातारीला तो कळणार नाही. भांडण तेथून पुढे सरकते.